वसंतराव देशपांडे

वसंतराव देशपांडे (जन्म : मूर्तिजापूर, अकोला जिल्हा, २ मे १९२०; मृत्यू : पुणे, ३० जुलै १९८३) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीताचे गायक, नाट्यसंगीताचे गायक-अभ्यासक आणि नट होते. ख्याल, ठुमरी, दादरा, टप्पा, नाट्यपद आणि भावगीत या सर्व प्रकारांवर त्यांची सारखीच हुकमत होती. 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. परंतु ती भूमिका त्यांच्या वाट्याला आली तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यापूर्वीचा दीर्घ काळ, विशेषतः वऱ्हाड, नागपूर आणि लाहोर येथील घडणीची वर्षे, त्यांच्या गायकीचा उलगडा होण्यासाठी अधिक महत्त्वाची आहेत.

== जन्मस्थान आणि कुटुंब ==

मूर्तिजापूर हे भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील वऱ्हाडातील कापसाचे गाव. येथूनच एका बाजूस यवतमाळकडे व दुसऱ्या बाजूस अचलपूरकडे जाणारी, पुढे 'शकुंतला' या नावाने ओळखली गेलेली अरुंदमापी रेल्वे सुटत असे. अचलपूर-परतवाड्याच्या पलीकडे मेळघाटाचे डोंगर चढून वाट धारणीकडे जाते. वऱ्हाडचा कापूस या छोट्या गाडीने मूर्तिजापुरास येई आणि तेथून मोठ्या गाडीने मुंबईकडे रवाना होई. गाणे शिकण्यासाठी नामांकित गुरू किंवा संगीताला आश्रय देणारा दरबार अशा गावी असण्याचा संभव नव्हता. होते ते भजन, कीर्तन आणि गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपन्यांचे मुक्काम. कीर्तनकार गाडगे महाराज यांचे बालपणही याच तालुक्यात, आजोळी गेले. कवी अनिल (आत्माराम रावजी देशपांडे) यांचा जन्मही १९०१ साली मूर्तिजापुराचाच. अनिलांच्या 'कुणी जाल का' व 'वाटेवर काटे वेचीत चाललो' या कविता पुढे यशवंत देव यांनी स्वरबद्ध केल्या आणि वसंतरावांनी गायल्या. एकाच लहान गावात जन्मलेल्या कवी आणि गायकाची ही भेट पन्नाशीच्या आसपास, आणि तीही गावापासून फार दूर झाली.

वसंतरावांचे मूर्तिजापुरातील वास्तव्य अल्पकाळच राहिले. त्यांना त्यांच्या आईने वाढविले. सासरचा आधार सुटल्यावर ती लहानग्या मुलास घेऊन नागपुरास आली आणि स्वतःच्या कष्टावर तिने संसार चालविला. १९२०च्या दशकात, मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबातील एकट्या स्त्रीने मुलासह स्वतंत्र बिऱ्हाड करणे ही साधी गोष्ट नव्हती. वसंतरावांच्या चरित्रातील पुढील दोन धागे येथूनच निघतात. पहिला असा की, कुटुंबाकडून त्यांना कोणतेही घराणे, कोणतीही उस्तादी परंपरा मिळाली नाही. त्यांना मिळाले ते आईचे पाठबळ. दुसरा असा की, आईने एकटीने उभा केलेला संसार त्यांनी लहानपणापासून पाहिला होता आणि गाण्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न बाजूला टाकणे त्यांना फार उशिरापर्यंत जमले नाही.

== नागपूर : शंकरराव सप्रे यांचे शिष्यत्व ==

१९०३ साली वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे आल्यानंतर त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि नागपूर या दोन्ही प्रदेशांची राजधानी बनले. कचेऱ्या, न्यायालये, महाविद्यालये आणि त्यांच्यासोबत आलेला मराठी सुशिक्षित वर्ग यांमुळे तेथे नाटक व गाणे यांना प्रेक्षक होता. भोसल्यांच्या दरबाराचा आश्रय ओसरला होता. त्याची जागा हळूहळू संगीत विद्यालयांनी घेतली. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केल्यानंतर फी भरून, वर्गात बसून, अभ्यासक्रमानुसार गाणे शिकण्याची पद्धत देशभर रुजू लागली होती. उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे सेवा करण्याची सोय ज्या घरातील मुलांना नव्हती, त्यांच्यासाठी ही पद्धत वरदान ठरली.

नागपुरात शंकरराव सप्रे यांचे श्रीराम संगीत विद्यालय होते. वसंता, म्हणजे लहानपणचे वसंतराव, या विद्यालयात दाखल झाला आणि त्याच्या शास्त्रोक्त शिक्षणाचा आरंभ झाला. पुढे सी. रामचंद्र या नावाने हिंदी चित्रपटसृष्टी गाजविणारे राम चितळकर हेही याच विद्यालयाचे विद्यार्थी. एकाच गुरूच्या हाताखालून एक शास्त्रीय गायक व एक चित्रपट-संगीतकार बाहेर पडावा, यावरून सप्रे यांचे शिक्षण एकसुरी नसावे असे म्हणता येते. वसंतरावांना तालाची जी असाधारण जाण होती तिचा उल्लेख त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक सर्व जण करतात. ते स्वतः उत्तम तबला वाजवीत. त्यांच्या गाण्यातील लयीशी चाललेला खेळ, समेवर येण्याच्या अनपेक्षित वाटा, आणि मात्रांच्या मधल्या फटीतून निसटणारी तान हे सर्व तबल्याचा हात असलेल्या गायकाचे गाणे आहे.

== बालनट : 'कालियामर्दन' ==

वसंतरावांचे पहिले सार्वजनिक यश गायनाच्या मैफलीतील नसून रुपेरी पडद्यावरील आहे. दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांनी त्यांचा आवाज हेरला आणि 'कालियामर्दन' (१९३५) या हिंदी बोलपटात त्यांना कृष्णाची भूमिका दिली. (दादासाहेब फाळके यांचा याच नावाचा १९१९ सालचा मूकपट निराळा, त्यात फाळके यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती.) वसंतराव आठ वर्षांचे असताना भालजींनी त्यांची निवड केली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. चित्रपटाचे साल व जन्मसाल जुळवून पाहता मात्र हे वय संभवत नाही. पडद्यावरील कृष्ण चौदा-पंधरा वर्षांचा असला पाहिजे. शिवाय १९२८ साली भारतात बोलपटच नव्हता. भारतातील पहिला बोलपट १९३१चा आणि पहिला मराठी बोलपट, 'अयोध्येचा राजा', १९३२चा.

त्या काळी पार्श्वगायनाची पद्धत रूढ व्हावयाची होती. पडद्यावर जो दिसे त्यालाच गावे लागे, आणि तेही चित्रीकरणाच्या वेळी, एका ध्वनिग्राहकासमोर. त्यामुळे बालनटाची निवड करताना रूपाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, गळा पाहिला जाई. नागपूरच्या एका बिऱ्हाडातून आलेल्या मुलास ही भूमिका मिळण्याचे कारण हेच.

या चित्रपटाने नाव झाले, परंतु वाट मोकळी झाली नाही. कुमारवयीन गायक-नटाची कारकीर्द आवाज फुटेपर्यंतच असते, ही त्या व्यवसायातील जुनी अडचण. नाटक कंपन्यांमध्ये अशा मुलांना निदान दुसरी कामे देऊन सांभाळून घेतले जाई. चित्रपट कंपन्यांत तशी सोय नव्हती.

== नाटक कंपन्यांचा अस्त ==

वसंतराव ज्या काळात वयात आले, त्या काळाचा विचार केल्याशिवाय त्यांच्या पुढील पंचवीस वर्षांचा अर्थ लागत नाही. त्यांच्या आधीच्या पिढीतील होतकरू मराठी गायकासमोर एक ठरलेला मार्ग होता : एखाद्या नाटक कंपनीत दाखल व्हावे, तेथे राहणे-जेवण मिळावे, कंपनीनेच नेमलेल्या गवयाकडून तालीम मिळावी, आणि पुढे गायक-नट म्हणून नाव काढावे. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. दीनानाथ मंगेशकर १९१४ साली त्याच मंडळीत आले, आणि १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. मराठी मुलखात गायकाची पहिली मंडळी म्हणजे नाटक मंडळीच असे.

वसंतराव पंधरा वर्षांचे झाले तोवर ही व्यवस्था मोडकळीस आली होती. बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला. बळवंत मंडळीने स्वतःच चित्रपटनिर्मितीत उडी घेतली आणि ती कर्जात बुडाली. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात काम केले. ललितकलादर्शही त्याच दशकात थांबली. गाता येणारा, अभिनय येणारा, पडद्यावर दिसलेला हा मुलगा नेमका त्याच वेळी दारात उभा होता, आणि ज्या घरात त्याने प्रवेश करावयाचा ते घरच रिकामे होत होते. दहा वर्षे आधी जन्मले असते तर वसंतराव निःसंशय एखाद्या मोठ्या कंपनीचे गायक-नट झाले असते. तसे झाले असते तर लाहोरची वाट त्यांनी धरली असती की नाही, हा मात्र प्रश्न आहे.

== दीनानाथांचा प्रभाव ==

रंगभूमी मिळाली नाही तरी रंगभूमीवरील एका गळ्याचा संस्कार त्यांच्यावर खोलवर झाला, तो मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचा. दीनानाथांचे गाणे बालगंधर्वांच्या गाण्याच्या अगदी उलट जातीचे होते. बालगंधर्वांच्या गाण्यात पद आर्जवाने, लडिवाळपणे उलगडे. दीनानाथांच्या गाण्यात ते झेप घेई. तार सप्तकातील धाडसी फेक, पंजाबी वळणाच्या मुरक्या, चपळ पलटे आणि स्वरांची अचानक बदलणारी दिशा ही त्याची लक्षणे होत. त्याचे अनुकरण करणे अवघड आणि अर्धवट अनुकरण केल्यास हास्यास्पद, त्यामुळे दीनानाथांच्या मागे त्यांच्या शैलीचे गायक फारसे निपजले नाहीत. वसंतराव हे त्या शैलीचे सर्वांत समर्थ वारसदार मानले जातात. मात्र त्यांनी दीनानाथांची नक्कल केली नाही. त्या गाण्यातील बेधडकपणा त्यांनी उचलला आणि त्याच्या खाली ख्यालाच्या तालमीचा पाया घातला.

वऱ्हाडाचा या गायकीशी एक वेगळाही संबंध आहे. दीनानाथांच्या पदांनी गाजलेले 'रणदुंदुभि' (१९२७) हे नाटक अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे, आणि त्यातील पदांच्या चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या. या वझेबुवांकडे पुढे वसंतरावांनी काही काळ शिक्षण घेतले. म्हणजे जी पदे त्यांनी दीनानाथांच्या गळ्यातून ऐकली, त्यांच्या उगमापर्यंत ते स्वतः चालत गेले. दीनानाथांचे निधन २४ एप्रिल १९४२ रोजी, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी पुण्यात झाले. त्या वेळी वसंतराव बावीस वर्षांचेही झाले नव्हते.

== लाहोर : असद अली खाँ आणि मारवा ==

किशोरवय संपता संपता वसंतराव मामांकडे लाहोरला गेले. फाळणीपूर्वीचे लाहोर हे उत्तर हिंदुस्थानातील संगीताचे एक मोठे केंद्र होते. पतियाळा घराण्याच्या गवयांचा तेथे राबता होता. बडे गुलाम अली खाँ याच परिसरातील. शहरातील तकियांमध्ये, म्हणजे फकिरांच्या उतरण्याच्या जागी, गवय्ये जमत आणि नवख्या गायकाची कसोटी तेथे लागे. मराठी विद्यालयीन शिस्तीत शिकलेल्या मुलाला हे वातावरण सर्वस्वी नवे होते.

लाहोरमध्ये त्यांनी असद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. या शिक्षणाविषयी सांगितली जाणारी हकीकत अशी की, उस्तादांनी त्यांना महिनोन्महिने मारवा हा एकच राग शिकविला आणि अखेरीस, आता शिकविण्याजोगे काही उरले नाही असे सांगून निरोप दिला. हकीकतीतील तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. मात्र तिच्यातील सांगीतिक तर्क समजून घेण्याजोगा आहे.

मारवा हा सूर्यास्ताच्या वेळचा राग. यात पंचम वर्ज्य असतो, ऋषभ कोमल व मध्यम तीव्र असतो. गायक ऋषभ आणि धैवत यांवर रेंगाळतो आणि षड्जाला शक्य तितके टाळतो. सामान्यतः गाणाऱ्याला षड्ज व पंचम हे दोन आधार सतत हाताशी असतात. मारव्यात एक आधार नाहीच आणि दुसरा असूनही दूर ठेवावयाचा असतो. त्यामुळे तानपुरा चालू असतानाही स्वर डळमळण्याची भीती राहते. पूरिया व सोहनी या रागांत हेच स्वर आहेत. फरक केवळ चलनाचा आणि कोणत्या स्वरावर किती थांबावयाचे याचा. ज्याला मारवा निर्दोष गाता आला, त्याला स्वराचे स्थान, रागाची सीमा आणि विस्ताराची रीत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या, असे म्हणावयास हरकत नाही. वसंतरावांचा मारवा पुढे त्यांची ओळख बनला. रसिकांनी त्यांच्याकडे याच रागाची फर्माईश वारंवार केली.

लाहोरने त्यांना आणखी एक गोष्ट दिली : पंजाबी अंगाची ठुमरी, टप्पा आणि त्यांतील झरझर फिरणारी तान. दीनानाथांच्या नाट्यपदांत त्यांनी जी पंजाबी वळणे दुरून ऐकली होती, ती येथे त्यांच्या मूळ मातीत ऐकावयास मिळाली.

== नोकरी आणि अनेक गुरू ==

लाहोरहून परतल्यावर उपजीविकेचा प्रश्न समोर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या हिशेब खात्याचा व्याप वाढला आणि सुशिक्षित तरुणांना तेथे नोकऱ्या मिळू लागल्या. वसंतराव या खात्यात कारकून झाले आणि पुण्यात आले. ही नोकरी त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ केली. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि रात्री मैफल, असा हा क्रम होता. नोकरीने त्यांचे गाणे मागे पडले असे काही जण मानतात, आणि प्रसिद्धीच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु याच नोकरीमुळे त्यांना कोणत्याही संस्थानिकाची, कंपनीमालकाची किंवा घराण्याची मर्जी सांभाळावी लागली नाही, ही दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते.

पुणे-मुंबईच्या वास्तव्यात त्यांनी शिकणे थांबविले नाही. किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर, ग्वाल्हेर परंपरेचे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली. ही नावे एका ओळीत लिहिणे सोपे आहे. प्रत्यक्षात या गायकींचे स्वभाव एकमेकांशी भांडणारे आहेत. किराण्यात स्वर सावकाश, एकेक करून फुलतो; भेंडीबाजारात सरगम व मेरखंडाचे गणित आहे; ग्वाल्हेरीत बंदिशीचा बांधा सर्वांत मोठा. त्या काळी एका घराण्याच्या गवयाने दुसऱ्याकडे शिकणे हा काहीसा गुन्हाच समजला जाई. वसंतरावांना मुळात घराणेच नसल्याने तोडण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते. ज्या उणिवेमुळे मैफलीच्या जगात त्यांना प्रवेश कठीण गेला, तीच त्यांच्या गाण्यातील विविधतेचे कारण ठरली. त्यांचे गाणे विस्कळीत आहे, त्यात शिस्तबद्ध आलापी कमी आहे, असा आक्षेप काही जाणकारांनी घेतला. तो सर्वस्वी निराधार नाही. एकाच मैफलीत त्यांची कल्पनाशक्ती इतक्या दिशांनी धावे की रागाचा संथ विस्तार ऐकू इच्छिणाऱ्या श्रोत्याची निराशा होई.

== पु. ल. देशपांडे यांची मैत्री ==

पुण्यातच वसंतरावांचा पु. ल. देशपांडे यांच्याशी दृढ स्नेह जुळला. पु. ल. हे स्वतः उत्तम पेटीवादक असल्याने या मैत्रीचा पाया गाण्याचाच होता. पु. लं.च्या 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटासाठी वसंतराव गायले, आणि 'वाऱ्यावरची वरात' या त्यांच्या रंगमंचीय कार्यक्रमातही त्यांचा सहभाग होता. पुढे दोघांनी मिळून मराठी नाट्यसंगीताचा अभ्यास करून त्यावर महाराष्ट्रभर सप्रयोग व्याख्याने दिली. किर्लोस्करी साकी-दिंडीपासून गोविंदराव टेंबे, भास्करबुवा बखले, वझेबुवा यांच्या चालींपर्यंत नाट्यपद कसे बदलत गेले, हे वसंतराव प्रत्यक्ष गाऊन दाखवीत. ज्या कंपन्यांत त्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांचा सांगीतिक इतिहास या व्याख्यानांतून नव्या पिढीपर्यंत गेला.

== 'कट्यार काळजात घुसली' आणि उत्तरकाळ ==

१९६०च्या दशकात त्यांनी मुदतीपूर्वीच सेवानिवृत्ती घेतली आणि पूर्ण वेळ गाण्याला दिला. २४ डिसेंबर १९६७ रोजी पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आले. दारव्हेकर नागपूरचे, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. वसंतरावांनी यात खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले ही भूमिका केली. घराण्याची विद्या परक्याला देऊ नये या हट्टाला पेटलेल्या उस्तादाची ही भूमिका, आयुष्यभर एकाही घराण्यात न मावलेल्या गायकाकडे यावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. उर्दूचा लहेजा, उस्तादांची बैठक आणि त्यांचा रोष हे त्यांनी कोठून उचलले याचे उत्तर लाहोरच्या दिवसांत शोधावे लागते. नाटकाचे प्रयोग हजाराच्या पुढे गेले.

त्यांना १९८२ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर थोड्याच काळात, ३० जुलै १९८३ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे नातू राहुल देशपांडे हे शास्त्रीय गायक असून, वसंतरावांच्या जीवनावरील 'मी वसंतराव' (२०२२, दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी) या मराठी चित्रपटात त्यांनी आजोबांची भूमिका केली आहे.